नवव्या थरातला जोड

मी एक जुनी कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं आहे, मित्रांनो. खरं सांगायचं तर अर्धीच आहे. माझी दुसरी अर्धी सिल्वासाच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेच्या कपाटात पडून असेल, नाहीतर एव्हाना भंगारात गेली असेल. मी जवळच्याच नरोलीत एका भाड्याच्या खोलीच्या दाराला टेकून बसते. बाहेरून भरलेले ट्रक गेले की हे दार आपटतं, ते आपटू नये म्हणून मला ठेवलंय. काम हलकं आहे. पण जिनं एकेकाळी तीस टेस्ला पोटात घेतले, तिनं दार धरून बसावं, हे सांगताना थोडी लाज वाटते.

टेस्ला म्हणजे चुंबकाचा जोर मोजायचं माप. फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं फुलपाखरू असतं ना, त्याचा जोर एका टेस्लाच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. दवाखान्यात माणसाला नळीत सरकवून आतले फोटो काढतात, ते यंत्र बहुधा दीड टेस्लाचं. मला चाळीससाठी बांधलं होतं. एवढा जोर सतत धरून ठेवणं माझ्यासारखीला झेपत नाही. म्हणून मी तो क्षणभरच धरायचे. पापणी लवायच्या आत माझं काम आटोपलेलं असायचं.

मला बांधायचं ठरवलं मीनाक्षी मॅडमनी. त्या पुण्याच्या, भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक. एवढं शिकून सिल्वासाला कशाला आलात, असं पाहुणे विचारायचे. मॅडम म्हणायच्या, तांब्याची तार, काचेचा धागा, रेझिन आणि कपॅसिटर जिथं पाच कोसांच्या आत मिळतात, तिथं चुंबक बांधायचं नाही तर कुठं बांधायचं? हे उत्तर त्यांनी माझ्यासमोर अकरा पाहुण्यांना दिलं, आणि अकराही वेळा आत्ताच सुचल्यासारखं. माणसं बघायची आणि मोजायची मला सवयच आहे. कॉइलच्या आयुष्यात काम क्षणभराचं आणि निवांतपण तासाभराचं, मग दुसरं करणार काय?

मॅडमच्या हाताखाली श्रीधरसाहेब होते. नाशिकचे, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. 'आमच्या वेळी' या दोन शब्दांशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. आणि एक होती कावेरी, मॅडमची संशोधक विद्यार्थिनी. माझी गोष्ट खरं म्हणजे हिची आणि हिच्या आईची आहे.

कावेरीची आई भिमाबाई. गाव शहाद्याकडचं. नवऱ्यासोबत नरोलीला आली, नवरा छातीच्या दुखण्यानं गेला, आणि ही कारभारीशेठच्या दुकानात जळालेल्या विजेच्या मोटारी भरायला लागली. भरणं म्हणजे जळकी तार उपसून नवी गुंडाळायची. अख्ख्या नरोलीतल्या कारखान्यांच्या मोटारी त्या दुकानातून जातात. कारभारीशेठ स्वतः येवल्याचे. गिऱ्हाइकाला छाती ठोकून सांगायचे की आमच्या बाईच्या हातची मोटार जळलीच तर आधी तुमचा फ्यूज तपासा. भिमाबाईला हे ऐकू जायचं, पण ती मान वर करत नसे.

मला बांधायची वेळ आली तेव्हा मॅडम बाहेरगावी चौकशी करत होत्या. कावेरी म्हणाली, माझी आई बांधेल. हे वाक्य बोलायला तिला तीन आठवडे लागले होते. कॉलेजात तोवर कुणाला ठाऊकच नव्हतं तिची आई काय करते.

अशी मी कारभारीशेठच्या दुकानात आले. म्हणजे आधी फक्त तार आली, पन्नास मीटर, चौकोनी, कडक तांब्याची, काचेच्या धाग्यात लपेटलेली. सोबत माझ्या बांधणीचा इंग्रजीतला नकाशा. कारभारीशेठनी चष्मा लावून दोनच ओळी वाचल्या, जाडी आणि वेढे. दहा थर, थराला चोवीस वेढे, एकूण दोनशे चाळीस. तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं की तारेत कुठंही जोड नसावा. ती त्यांनी वाचली नाही, कारण वीस वर्षांत तिसऱ्या ओळीत कामाचं काही निघालं नव्हतं. कावेरीनं नकाशा वाचला होता. तिनं आईला थर समजावले, वेढे समजावले, पण जोडाचं सांगितलं नाही. मोटार भरताना मधे जोड मारतात हे तिला माहीतच नव्हतं. आईच्या कामाबद्दल तिनं कधी विचारलं नव्हतं.

भिमाबाईनं मला चार दिवस बांधलं. तारेचा ताण ती बोटाच्या पेरावर तोलायची. वेढा वेढ्याला असा लागून बसायचा की मधे कागद सरकू नये. प्रत्येक थरावर काचेची पट्टी घट्ट ओढून लपेटायची, फायबरच्या पट्टीनं ठोकून बसवायची, आणि ठोकताना माझ्याशी बोलायची. नीट बैस माय, मन्या लेकीनं काम शे, माझ्या लेकीचं काम आहे, असं अहिराणीत. मला तोवर कुणी माय म्हटलं नव्हतं.

मोटारीच्या धंद्यात एक रीत आहे. सुरुवातीला आणि शेवटाला तारेचं शेपूट लांब सोडायचं, हात-दीड हात जास्तच. पुढं कधी जोडणी करणाऱ्याला टोक अपुरं पडलं तर तो बांधणाऱ्याच्या नावानं बोटं मोडतो. भिमाबाई भल्या मनाची. इतकं शिकलेल्या लोकांचं काम म्हणून तिनं शेपटं आणखीनच लांब सोडली. पण मॅडमनी तार मोजून मागवली होती. नवव्या थरात तार जाऊ लागली, दहावा अजून उरलेला, आणि भिमाबाईच्या लक्षात आलं की पुरणार नाही. नमुन्यासाठी आलेला त्याच तारेचा चांगला लांब तुकडा फळीवर होता. तिनं दोन्ही टोकांना तिरका काप दिला, चांदीचं ब्रेझिंग केलं, म्हणजे चांदी वितळवून टोकं सांधली, घासून सपाट केलं, वरून काचेचा धागा चढवला आणि पुढं गुंडाळत गेली.

तुम्ही म्हणाल, लपवलं. नाही हो. मोटार भरणाऱ्याला वेढे कमी पडणं ही लाजेची गोष्ट; जोड मारणं ही कारागिरी. संध्याकाळी तिनं कारभारीशेठना सांगितलं, दोनशे चाळीस पूर्ण. त्यांनीही एवढंच विचारलं होतं.

मग माझ्या अंगात रेझिन मुरवलं, भट्टीत तापवून घट्ट केलं, आणि मी सिल्वासाला प्रयोगशाळेत आले. श्रीधरसाहेबांनी नारळ फोडला. मॅडमनी तो फुटल्याचं बघितलं नाही असं दाखवलं, पण खोबरं खाल्लं.

आता माझ्याकडून काय करून घ्यायचं होतं ते सांगते. कावेरीनं दोन वर्षं खपून एक स्फटिक वाढवला होता. नायोबियम आणि फॉस्फरसची भुकटी काचेच्या नळीत बंद करून भट्टीत आठवडेच्या आठवडे ठेवायची, नळी फुटली की पुन्हा पहिल्यापासून. सतरा नळ्यांपैकी एकीत हवा तसा शुद्ध स्फटिक मिळाला. तांदळाच्या कणीएवढा, काळपट, आरशासारखा चमकणारा. असल्या पदार्थांना टोपोलॉजिकल सेमीमेटल म्हणतात. यांच्या आत इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेचे दोन मजले असतात. दुसऱ्या पदार्थांत या मजल्यांमध्ये फट तरी असते, नाहीतर मजले एकमेकांत घुसलेले तरी असतात. इथं ते मोजक्या बिंदूंवर नुसते टेकतात, आणि त्या बिंदूंपाशी इलेक्ट्रॉन वजनच नसल्यासारखा पळतो.

हे टेकणं डोळ्यांनी दिसत नाही. ते बघायला चुंबक लागतं. चुंबकाच्या जोरात इलेक्ट्रॉन गोल फिरू लागतात, पण मन मानेल तेवढं वर्तुळ त्यांना घेता येत नाही. निसर्गानं पायऱ्या ठरवून दिल्यात. जोर वाढवत नेला की वरची एकेक पायरी रिकामी होते, आणि दर वेळी स्फटिकाचा विजेला होणारा विरोध जरा चढतो, जरा उतरतो. कागदावर लाटा उमटतात. लाटांमधल्या अंतरावरून आतल्या रचनेचा आकार कळतो. आणि पायऱ्यांची मोजणी शून्यावरून सुरू होते की अर्ध्यावरून, यावरून मजले खरोखर टेकलेत की नुसते जवळ आलेत, ते कळतं. पण मोजणीची सुरुवात पकडायची तर अगदी पहिल्या पायरीपर्यंत पोचायला हवं. कावेरीच्या स्फटिकाची पहिली पायरी होती छत्तीस टेस्लाच्या जवळ. तेवढा जोर त्या प्रयोगशाळेत एकटी मीच देणार होते.

पहिल्या दिवशी मॅडमनी भिमाबाईला मुद्दाम बोलावलं. ती नवं लुगडं नेसून, कारभारीशेठच्या स्कूटरवर मागं बसून आली. मला द्रव नायट्रोजनच्या टाकीत बुडवलं होतं, टाकी जाड भिंतींच्या खोलीत, माणसं सगळी बाहेर. श्रीधरसाहेब विद्यार्थ्यांना समजावत होते. दार अजून उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम हिच्यात सोडायची, ते म्हणाले, की हिचं स्वतःचंच चुंबक हिला आतून बाहेर फाडायला बघतं. म्हणून तार अखंड लागते. आमच्या वेळी ट्रान्सफॉर्मरमध्ये जोड चालायचा. इथं नाही. जोड मारताना तांबं तापतं, तापलं की मऊ पडतं, आणि मऊ जागा म्हणजे मरणाची जागा. मग त्यांनी भिमाबाईकडं हात केला आणि सांगितलं की या बाईंनी पन्नास मीटर तार एकसंध गुंडाळली आहे, टाळ्या वाजवा.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. भिमाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

त्या दिवशी मला फक्त पाच टेस्लाचा धक्का दिला. ठप्प असा आवाज झाला, बस्स. मग मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं, अंगावर पांढरं दव जमलेलं. सगळे चहाला गेले. कावेरी मला पुसत होती, तेव्हा भिमाबाई मागं आली.

"माय, साहेब बोलले ना जोड नको म्हणून," ती म्हणाली. "मी मारेल आहे. नवव्या थरात. तार खपून गेलती."

कावेरीचा हात माझ्यावरच थांबला. "कुणाला सांगितलंस?"

"तुलेच सांगू राहिली."

कावेरीनं आधी पुसायचं फडकं खाली ठेवलं. मग कागद ओढून आकडेमोड केली. आतल्या थरांवर ओढ सगळ्यात जास्त, बाहेरच्या थरांवर कमी, नववा म्हणजे जवळजवळ बाहेरचा. कागदावर तरी जोड टिकेलसं दिसत होतं. आता मॅडमना सांगितलं तर त्या मला बाजूला काढणार, नवी तार, नवी कॉइल, सात-आठ महिने जाणार. कावेरीची शिष्यवृत्ती मार्चमध्ये संपत होती. शिवाय आत्ताच टाळ्या वाजल्या होत्या. त्या टाळ्या परत कशा घ्यायच्या?

"मी बघते काय ते," ती म्हणाली. "तू कुणाशी बोलू नकोस."

"मॅडमले सांगून टाक ना. मी परत बांधते. रविवारीबी बसते."

"आई, तुला यातलं कळत नाही."

भिमाबाईला पुष्कळ कळत होतं, पण लेकीसमोर कळू द्यायची तिला सवय नव्हती. ती चहा न पिताच गेली.

पुढचे सहा महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. आठवड्याला आठ-नऊ धक्के. दहा टेस्ला, पंधरा, वीस. प्रत्येक धक्क्यानंतर अंग तापायचं, मग तासभर थंडीत पडून राहायचं. माझ्या नावाची एक वही होती, तीत कावेरी प्रत्येक धक्का लिहायची. स्फटिक माझ्या पोटातल्या नळीत, हेलियमच्या थंडीत असायचा. आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही कधी, पण एकाच घरात राहणाऱ्यांसारखी ओळख झाली होती. पडद्यावर लाट उमटली की कावेरी आधी दोन्ही हातांनी तोंड झाकायची आणि मग श्रीधरसाहेबांना हाक मारायची. बारा टेस्लाला तिसरी पायरी दिसली, अठराला दुसरी. अठराची लाट इतकी स्वच्छ होती की मॅडमनी कावेरीच्या पाठीवर हात ठेवला. मॅडम कुणाच्या पाठीवर सहसा हात ठेवत नाहीत. माझ्या माहितीत दोनदाच, आणि दुसऱ्यांदा, त्याच दिवशी, माझ्या.

तीस टेस्लापर्यंत मी कुरकुर केली नाही. माझी स्तुती व्हायला लागली, पाहुण्यांना दाखवायला लागले, आणि मलाही वाटायला लागलं की तिसरी ओळ उगाचच लिहिली होती. स्तुतीनं माणूस फुगतो. कॉइलला तर फुगायची परवानगीच नाही, फुगली की संपली, तरी मी मनातल्या मनात फुगले.

कावेरी मात्र वाळत चालली होती. प्रत्येक मोठ्या धक्क्याआधी ती वहीच्या मागच्या पानावरची तीच आकडेमोड पुन्हा काढून बघायची. मॅडमच्या खोलीच्या दारापर्यंत ती दोनदा गेली आणि परत आली. एकदा मॅडम फोनवर होत्या. दुसऱ्यांदा नव्हत्या.

फेब्रुवारीत, माझ्या दोनशे एकोणिसाव्या धक्क्याला, छत्तीसच्या पुढं जायचं ठरलं. वेळ सकाळी अकराची. मॅडमनी पुन्हा भिमाबाईला बोलावलं. पहिली पायरी दिसेल तेव्हा कॉइल बांधणारी बाई हजर हवी, असं त्यांचं म्हणणं. भिमाबाई या वेळी रोजच्याच लुगड्यात आली. मला टाकीत सोडलं तेव्हा दार लावायच्या आधी तिनं लेकीकडं एकदा बघितलं. कावेरीनं बघितलं नाही. तिनं दार लावलं.

कपॅसिटर भरत गेले. त्यांची बारीक किणकिण मला ओळखीची होती, पण एवढा चढा सूर मी ऐकला नव्हता. मग वीज आली. तीस मी ओलांडले. बत्तीस, चौतीस. पस्तीसला माझ्या आत काहीतरी सुटलं, आणि पुढचं मला आवाजानंच आठवतं. भिंती जाड होत्या म्हणून बाहेर कुणाला खरचटलंही नाही. टाकी चेपली, नायट्रोजन धुरासारखा सगळीकडं पसरला. स्फटिकाची नळी चिरडली. सतरा नळ्यांमधून निघालेला तांदळाचा कण. नंतर श्रीधरसाहेबांनी चिमट्यानं शोधला तेव्हा काळी पूड मिळाली, नखावर मावेल एवढी.

मला बाहेर आणून टेबलावर ठेवलं. आतून फाटलेली, बाहेरून अजून गोल. मॅडम हळूच म्हणाल्या, कॉइलचं आयुष्य सांगता येत नाही, होतं असं. त्या एवढ्यावर थांबणार होत्या. पण कावेरी आईकडं वळली.

"तुझ्या जोडानं माझी दोन वर्षं खाल्ली," ती म्हणाली. "सांगितलं होतं ना नकाशात. वाचता येत नाही तर विचारायचं."

मॅडमनी विचारलं, कसला जोड. कावेरीनं सांगितलं, नववा थर, चांदीचं ब्रेझिंग. स्वतःला कधी कळलं ते सांगितलं नाही. श्रीधरसाहेब खुर्चीत बसले. त्या दिवशी त्यांनी 'आमच्या वेळी' म्हटलं नाही. मॅडमचा आवाज चढला नाही, पण त्या म्हणाल्या, "भिमाताई, आम्हाला सांगायला हवं होतं."

आता भिमाबाई सांगेल, असं मला वाटलं. मी सांगितलं होतं, याच टेबलाजवळ, याच पोरीला. एका वाक्याचं काम होतं. तिनं कावेरीच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग मॅडमकडं वळून हात जोडले.

"चुकलं मॅडम," ती म्हणाली. "मन्या हातून चुकलं."

मित्रांनो, त्या खोलीत त्या क्षणी खरं ठाऊक असलेल्या आम्ही तिघीजणी होतो. एक बोलू शकत होती आणि बोलली नाही. एकीला बोलायचं होतं, पण ती लेकीची आई होती. तिसरीला तोंडच नव्हतं.

मला कपाटात ठेवलं. आठ महिने मी अंधारात आणि धुळीत काढले. बाहेरचं बोलणं कानावर यायचं तेवढंच. कावेरीनं अठराच्या लाटेपर्यंतचाच प्रबंध लिहिला. मजले टेकले असावेत, असा त्यात निष्कर्ष होता. 'टेकले आहेत' असं तिला लिहायचं होतं, तिथं 'असावेत' लिहावं लागलं. एकदा कारभारीशेठ श्रीधरसाहेबांना भेटायला आले. ते सांगत होते की स्फोटाच्या दुसऱ्या दिवशी भिमाबाईनं आपली फायबरची पट्टी आणि लाकडी हातोडी धुऊन, पुसून फळीवर ठेवली आणि हिशेबाचं काही न विचारता निघून गेली. आता धाग्याच्या कारखान्यात पुठ्ठ्याचे खोके भरते. मी दोनदा घरी गेलो, शेठ म्हणाले. बाई म्हणते, या हातांनी परत तार धरणार नाही. तुम्ही सांगा ना तिला. श्रीधरसाहेब म्हणाले, मी काय सांगू.

दिवाळीनंतर नवी कॉइल बांधायचं निघालं. त्याआधी जुनी नेमकी कुठं आणि कशी फाटली ते बघावं, म्हणून मॅडमनी मला बाहेर काढलं. आठ महिन्यांत कुणाला ते सुचलं नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना माहीत होतं. श्रीधरसाहेबांनी मला पाण्याच्या धारेखाली करवतीनं उभं चिरलं. दुखलं नाही. दुखायचं फेब्रुवारीतच संपलं होतं.

दोन भाग टेबलावर मांडले. झाडाच्या बुंध्यात वर्षं दिसतात तसे माझे दहा थर दिसत होते. दुसऱ्या थरात, अगदी आत, जिथं ओढ सगळ्यात जास्त असते, तिथं काचेचा धागा तुटला होता आणि तार उसवून बाहेर आली होती. तिथून फट वर तिसऱ्या-चौथ्या थरापर्यंत गेलेली. त्यापुढं सगळं जिथल्या तिथं. श्रीधरसाहेबांनी भिंग घेतलं आणि नवव्या थरावरून हळूहळू फिरवलं. चांदीची तिरकी बारीक रेघ त्यांना सापडली.

"जोड शाबूत आहे," ते म्हणाले. "केसाएवढाही हललेला नाही."

मॅडमनी बघितलं. मग कावेरीनं. तिनं भिंग खाली ठेवलं आणि नुसत्या डोळ्यांनी बघितलं. त्याच वेळी तिनं मॅडमना सांगून टाकलं की आईनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, परत बांधून देते म्हणाली होती, मीच गप्प बसवलं.

मॅडम खिडकीपाशी गेल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या की तिसरी ओळ माझी होती, दुकानात जाऊन ती मी स्वतः वाचून दाखवायला हवी होती, पण मी एकदाही गेले नाही. थोड्या वेळानं त्यांनी जोड असलेला अर्धा भाग उचलून कावेरीच्या हातात दिला. मला सांगून काय उपयोग, म्हणाल्या. जिला सांगायचं तिला जाऊन सांग.

कावेरीनं मला कापडी पिशवीत घातलं. शेअर रिक्षात मी तिच्या मांडीवर होते. शेजारच्या बाईनं हिंदीत विचारलं, काय जड आहे एवढं, तर कावेरी म्हणाली, आईचं आहे.

भिमाबाई नुकतीच पाळीवरून आली होती. लेकीला बघून तिनं भाकरीचं पीठ वाढवलं. या आठ महिन्यांत दोघी एकाच खोलीत राहिल्या, जेवल्या, झोपल्या. त्या दिवसाबद्दल मात्र एक अक्षर नाही. कावेरीनं मला फरशीवर ठेवलं आणि चांदीच्या रेघेवर बोट ठेवलं. काय सांगायचं ते सांगितलं. माफी मागितली, तीही नीट, शब्द न गिळता. हे मी तिच्या बाजूनं नोंदवून ठेवलं आहे.

भिमाबाईनं पिठाचे हात पुसले आणि मला उजेडात घेतलं. सगळे थर बघितले. घाई केली नाही.

"मग फुटली कशानं?"

कावेरीनं सांगितलं. प्रत्येक कॉइलला धक्क्यांचा एक आकडा असतो, तो आधी कुणालाच कळत नाही. हिचा दोनशे एकोणीस होता.

"मी जोड नसता मारला, तरी फुटली असती?"

"हो."

भिमाबाईनं मान हलवली. तव्यावरची भाकरी उलटली, कड दाबली, आणि पाठ फिरवूनच विचारलं:

"मग त्या दिशी तू कोणाले बोलली असती?"

बाहेरून एक ट्रक गेला, दार आपटलं. भिमाबाईनं ताट वाढलं, लेकीसमोर सरकवलं. जेवताना कावेरी म्हणाली, नवी कॉइल तूच बांध, मॅडमनी निरोप दिलाय. भिमाबाई म्हणाली, कारभारीशेठकडं दुसरी बाई आलीय, चांगली आहे, ती बांधेल. तिला नकाशा सगळा वाचून दाखव. राग नव्हता तिच्या आवाजात. राग असता तर बरं झालं असतं, समजूत तरी घालता आली असती.

हल्ली कावेरी दूरच्या शहरात दुसऱ्या मोठ्या प्रयोगशाळेत आहे. तिथल्या चुंबकात तसलाच स्फटिक घालून कुणीतरी पहिली पायरी गाठली म्हणे. कावेरीनं नाही. ती दर रविवारी फोन करते. जेवलीस का, कामाला सुट्टी होती का, खोकला कसा आहे. भिमाबाई सगळ्याला उत्तर देते. नव्या बाईनं बांधलेली कॉइल अजून चालतेय, असं मी ऐकते. पुन्हा तार धर म्हणून कारभारीशेठ आता येत नाहीत.

मला कुणी जपा असं माझं म्हणणं नाही, मित्रांनो. माझा आकडा भरला होता. पण वस्तू फुटली की ती आधी चिरून, उजेडात धरून, थर न थर बघत जा. करवतीला एक दुपार पुरते. ती दुपार आमच्या इथं आठ महिने उशिरा आली, आणि तेवढ्या वेळात ज्या हातांमधून मी जन्मले, ते हात खोके भरायला शिकून गेले.